आईच्या रेकॉर्डिंगमध्ये एकही सीक्वेन्स सापडत नाही : बॅरोरिफ्लेक्सवर काम केलेल्यांचं मत हवंय

तरंगिणी | ६ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार. मी नाशिकमध्ये एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. यंदा शेवटच्या वर्षाच्या चार मुलांनी माझ्याकडे प्रकल्प घेतलाय : ईसीजी आणि प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब एकत्र नोंदवायचा आणि त्यावरून बॅरोरिफ्लेक्स किती संवेदनशील आहे याचा अंदाज काढायचा. ओळखीच्या एका फिजिऑलॉजी विभागात बोटाला छोटा पट्टा गुंडाळून सलग रक्तदाब दाखवणारं यंत्र आहे. शनिवारी दुपारनंतर ते आम्हाला वापरायला मिळतं.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. मानेत कॅरोटिड धमनीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, भिंतीला ताण बसला की जाग्या होणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूच्या तळाशी खबर देतात. तिथून व्हेगस नसेमार्फत हृदयाला ‘जरा हळू’ असा निरोप जातो आणि पुढचा ठोका किंचित उशिरा पडतो. दाब उतरला की उलटं होतं. आपण पलंगावरून उठतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं, तरी डोळ्यांपुढे अंधारी येत नाही, ती या व्यवस्थेमुळे. हाच बॅरोरिफ्लेक्स. दाब १ मिमी पाऱ्याने बदलला तर दोन ठोक्यांमधलं अंतर किती मिलिसेकंदांनी बदलतं, ही झाली तिची संवेदनशीलता.

माझ्या स्वतःच्या रेकॉर्डिंगमधले लागोपाठचे चार ठोके देते. सिस्टॉलिक (वरचा) दाब ११८, १२०, १२३, १२५. त्यांच्या जोडीची आर-आर अंतरं (म्हणजे दोन ठोक्यांमधली अंतरं) ८४२, ८५८, ८८०, ८९६ मिलिसेकंद. दाब चढतोय, अंतरही वाढतंय. या चार बिंदूंमधून सरळ रेषा काढली तर उतार येतो साधारण ७.७. हा झाला एक सीक्वेन्स. निदान तीन ठोके सलग एकाच दिशेने, दाबात दर ठोक्याला किमान १ मिमी, अंतरात किमान ४ मिलिसेकंद आणि सहसंबंध ०.८५ च्या वर, अशा अटी आम्ही ठेवल्या आहेत. दहा मिनिटांत माझे असे ४१ सापडले, सरासरी ९.६.

आता अडचण. मुलांना वेगवेगळ्या वयाची माणसं हवी होती म्हणून गेल्या शनिवारी आईला घेऊन गेले. वय ६८, मधुमेहाला २२ वर्षं झाली. दहा मिनिटं निजून होती. प्रोग्रॅमला एकही सीक्वेन्स सापडला नाही. एका मुलाच्या कोडने सरळ ‘०’ छापलं, दुसऱ्याच्या कोडने ‘खराब नोंद’ म्हणून ती फाइल यादीतूनच काढून टाकली. स्पेक्ट्रमवरून (लहरींच्या वारंवारतेवरून) काढणाऱ्या तिसऱ्या कोडने मात्र ४.३ असा छान दिसणारा आकडा दिला. तीन कोड, तीन उत्तरं, माणूस एकच.

यंत्र नीट होतं, कारण त्याच दिवशीच्या बाकी पाचही नोंदी चांगल्या आहेत. चूक आमच्या कोडमध्ये आहे का?

सिग्नलवाली | ६ जानेवारी, रात्री ११:०५

आधी दोन-तीन गोष्टी तपासा. ईसीजीचं सँपलिंग किती, म्हणजे सेकंदाला किती नोंदी? बोटाच्या यंत्राचं मधूनमधून होणारं स्वयं-कॅलिब्रेशन रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवलं होतं का? ते चालू असेल तर दर थोड्या वेळाने काही ठोके सपाट पडतात आणि चाललेला सीक्वेन्स तिथेच तुटतो. आणि हात हृदयाच्या पातळीला होता ना? हात १० सेंटिमीटर खाली गेला की दाब जवळजवळ ८ मिमीने जास्त दिसतो. उतारावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, पण हात मध्येच हलला तर होतो.

शिवाय सध्याची नाशिकची थंडी. बोटं गार पडली की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पट्ट्याला नाडीच नीट सापडत नाही. मी पूर्वी असल्या यंत्रावर काम केलंय. जानेवारीत आम्ही आधी दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी हातात द्यायचो.

तरंगिणी | ६ जानेवारी, रात्री ११:३०

सँपलिंग ५०० हर्ट्झ, म्हणजे पायरी २ मिलिसेकंदांची. कॅलिब्रेशन बंद होतं. हात उशीवर, छातीच्या पातळीला. बोटं गार होती खरी, पण लहर स्वच्छ आहे, प्रत्येक ठोक्याचं शिखर दिसतंय. तिची तक्रार एवढीच की “बोट कुणीतरी धरून ठेवलंय असं वाटतंय.”

आईच्या आर-आर अंतरांचा एक तुकडा बघा : ६५२, ६५०, ६५२, ६५२, ६५४, ६५२, ६५०. ठोके मिनिटाला ९२. आणि हे असंच दहा मिनिटं.

शरीरक्रिया | ७ जानेवारी, सकाळी ७:१५

मी वैद्यकीय महाविद्यालयात फिजिऑलॉजी शिकवतो. तरंगिणीताई, तुम्ही दिलेला हा सात ठोक्यांचा तुकडा पाहून मी चहा बाजूला ठेवला. तुमच्या कोडचं नंतर पाहू. आधी सांगा, आईंना उठताना चक्कर येते का? पहाटे, जेवणानंतर, किंवा बराच वेळ उभं राहिल्यावर?

तरंगिणी | ७ जानेवारी, सकाळी ७:५०

हो. देवघरापुढून उठताना भिंत धरते. आम्ही गुडघ्यांचं दुखणं समजत होतो. दिवाळीत अभ्यंगाच्या वेळी पाटावरून उठताना एकदा खाली बसली होती.

शरीरक्रिया | ७ जानेवारी, सकाळी ८:४०

मग आज घरच्या साध्या यंत्राने एवढं करा. पाच मिनिटं निजवून दाब घ्या. मग उभं करा, जवळ कुणीतरी थांबा, आणि १ मिनिटाने व ३ मिनिटांनी पुन्हा घ्या. ठोकेही लिहा. सिस्टॉलिक २० किंवा डायस्टॉलिक (खालचा) १० ने उतरला तर त्याला उभं राहिल्यावरचा रक्तदाबपात म्हणतात. चक्कर आली तर लगेच बसवा, तीन मिनिटांचा हट्ट नको.

आता तुमचा मूळ प्रश्न. नोंद खराब नाही, आणि उत्तर शून्यही नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात हृदयाकडे जाणाऱ्या स्वायत्त नसा (आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या) खराब होऊ शकतात, आणि सहसा व्हेगस आधी जाते. ती सर्वांत लांब पल्ल्याची नस. व्हेगसचा लगाम सुटला की विश्रांतीतही ठोके ९०-१०० च्या घरात राहतात आणि घड्याळासारखे एकसारखे पडतात. ज्या माणसाचा बॅरोरिफ्लेक्स जवळजवळ गेलाय त्याच्यात सीक्वेन्स सापडणार कसे? दाब आपला चढतो-उतरतो, हृदय त्याला ओ देत नाही.

हे आधी तपासून झालेलं आहे. बर्तिनिएरी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मांजरांवर प्रयोग केले, तेव्हा कॅरोटिडच्या फाट्याकडून आणि महाधमनीकडून येणाऱ्या नसा कापल्यावर असे सीक्वेन्स फारच कमी झाले. सीक्वेन्स पद्धत खरोखर बॅरोरिफ्लेक्सच मोजते याचा तो सर्वांत चांगला पुरावा मानला जातो. २००४ मध्ये युरोबावार नावाची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात २१ जणांच्या निजलेल्या आणि उभ्या अवस्थेतल्या त्याच नोंदी अनेक केंद्रांना देऊन प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने आकडा काढायचा होता. त्या २१ जणांत बॅरोरिफ्लेक्स गेलेले दोघे मुद्दाम ठेवले होते, एक मधुमेही आणि एक नुकतंच हृदय प्रत्यारोपण झालेला. खरी परीक्षा त्या दोघांवरच होती. निरोगी माणसाचा आकडा कुठलीही पद्धत देते. न सापडणं ही स्वतंत्र नोंद म्हणून ठेवायची, फाइल काढून टाकायची नाही. तुमच्या दुसऱ्या मुलाच्या कोडने नेमका सर्वांत आजारी माणूस यादीतून वगळला आणि त्यामुळे उरलेल्यांची सरासरी फुगली.

पहाटफेरी | ७ जानेवारी, सकाळी ९:३०

मी रोज कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालतो. माझ्या घड्याळात एचआरव्ही दिसतं, काल ४२ होतं. म्हणजे माझा बॅरोरिफ्लेक्स ४२ म्हणायचा का? वय ५७, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे.

सिग्नलवाली | ७ जानेवारी, दुपारी १:१०

नाही काका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचआरव्ही म्हणजे ठोक्यांमधली अंतरं किती कमी-जास्त होतात ते. घड्याळ बहुतेक वेळा त्यातला एक विशिष्ट आकडा मिलिसेकंदांत देतं. ही झाली फक्त व्यवस्थेची निष्पत्ती. तिला चालना देणारा दाब घड्याळाला माहीतच नाही.

आपल्या गावातलं उदाहरण देते. पावसाळ्यात रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की सगळं नाशिक त्याबद्दल बोलतं. पण गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले हे कळल्याशिवाय ‘हजार क्युसेकला पाणी किती चढतं’ हे सांगता येईल का? एचआरव्ही म्हणजे मारुतीजवळचं पाणी. रक्तदाब म्हणजे धरणाचा विसर्ग. संवेदनशीलता हे दोहोंचं गुणोत्तर, त्यासाठी दोन्ही नोंदी एकाच वेळी हव्यात. शिवाय मारुतीपर्यंत नाल्यांचं आणि शहरातल्या पावसाचंही पाणी येतं, त्याचा विसर्गाशी संबंध नसतो. शरीरात ते काम श्वास करतो.

घरचं दंडाचं यंत्रही इथे पुरत नाही. ते अर्ध्या-पाऊण मिनिटाला एक आकडा देतं, आपल्याला प्रत्येक ठोक्याचा हवा. बोटाच्या पट्ट्याची मूळ कल्पना चेक शास्त्रज्ञ यान पेन्याझ यांची, १९७३ ची. बोटातल्या धमनीचं आकारमान प्रकाशाने मोजायचं आणि ते जराही बदलू नये एवढी हवा पट्ट्यात क्षणोक्षणी कमी-जास्त करायची. तेव्हा पट्ट्यातला दाब म्हणजेच धमनीतला दाब.

पहाटफेरी | ७ जानेवारी, दुपारी १:४०

मारुतीमुळे एकदम समजलं. आभारी आहे ताई.

तरंगिणी | ७ जानेवारी, रात्री ९:१५

निजून १४८/८२, ठोके ९२. उभं राहून १ मिनिटाने १२४/७४, ३ मिनिटांनी १२०/७०, ठोके ९५.

२८ ने उतरला. तिला ‘काही नाही गं, जरा गरगरतंय’ एवढंच वाटत होतं. उद्याच तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेतेय.

शरीरक्रिया | ७ जानेवारी, रात्री १०:००

उत्तम, नक्की न्या आणि हा कागद सोबत ठेवा. दाब २८ ने उतरला आणि ठोके फक्त ३ ने वाढले, हा त्यातला सर्वांत बोलका भाग आहे. पाणी कमी प्यायल्यामुळे किंवा नुसत्या अशक्तपणामुळे दाब उतरला असता तर हृदयाने धावपळ केली असती. ठोक्यांची वाढ भागिले दाबाची घट हे गुणोत्तर ०.५ च्या खाली असेल तर कारण नसांमध्ये असण्याची शक्यता वाढते. इथे ते ०.१ च्या आसपास आहे. बाकी तपासण्या आणि गोळ्यांचं डॉक्टर ठरवतील. दाबाची कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

त्यांनी सुचवलं तर युइंग यांच्या तपासण्या करता येतील. एडिंबराच्या युइंग आणि क्लार्क यांनी त्या १९८० च्या दशकात रूढ केल्या. दीर्घ श्वास घेताना ठोक्यांमध्ये पडणारा फरक, उभं राहिल्यावर १५ व्या आणि ३० व्या ठोक्याच्या आसपासच्या अंतरांचं गुणोत्तर वगैरे. नुसत्या ईसीजीवर होतात. निरोगी माणसात ते गुणोत्तर १.०४ किंवा जास्त येतं, १.०० किंवा त्याखाली आलं तर बिघाड. तुमची मुलं हे एका दुपारी लिहून काढतील.

द्राक्षबाग | ८ जानेवारी, सकाळी ६:२०

दिंडोरी तालुक्यातून लिहितोय. वडिलांना १५ वर्षांपासून साखर आहे. बागेत खाली बसून काम करून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात. आम्ही उन्हाचं समजायचो, पण आता थंडीतही होतंय. आज हीच निजून-उभं राहून मोजणी करतो. धागा वाचला नसता तर सुचलं नसतं.

प्राणायामी | ८ जानेवारी, सकाळी ८:००

मी पंचवटीत योगवर्ग घेते. मिनिटाला सहा श्वास या लयीत बॅरोरिफ्लेक्स सुधारतो असं शिकले आहे. मग तरंगिणीताईंच्या आईंचं रेकॉर्डिंग संथ श्वासावर पुन्हा घेतलं तर सीक्वेन्स सापडतील का? आपल्याकडे लोणावळ्याला कैवल्यधामात १९२४ पासून आसन-प्राणायामाचे शरीरावरचे परिणाम यंत्रांनी मोजण्याची परंपरा आहे, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

शरीरक्रिया | ८ जानेवारी, दुपारी २:३०

प्रश्न अगदी योग्य आहे. इटलीच्या बर्नार्डी यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर लिहिलं. २३ निरोगी माणसांना एकदा जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे ॐ’ म्हणायला लावलं. दोन्हींनी श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि संवेदनशीलता ९.५ वरून ११.५ झाली. मंत्र वेगळे, धर्म वेगळे, श्वासाची लय एकच.

सहाच का, तर शरीरात दाबाची एक साधारण दहा सेकंदांची लाट मुळातच असते. तिला मायर लहर म्हणतात, झिगमुंड मायर यांनी ती १८७६ मध्ये वर्णन केली. दाबात बदल झाला, खबर गेली, सिम्पथेटिक नसांमार्फत रक्तवाहिन्या आवळल्या, या फेरीला लागणाऱ्या वेळामुळे ही लय येते. श्वास त्याच लयीला आणला की झोपाळ्याला योग्य क्षणी हात लावल्यासारखं होतं, सगळी हेलकावणी मोठी होतात.

पण मोजणीच्या बाजूने इथेच गोंधळ होतो. श्वास छातीतला दाब बदलतो, त्याने रक्तदाब हलतो. श्वासाच्या केंद्राकडून व्हेगसला थेटही निरोप जातो, त्याने ठोके हलतात. दोन्ही एकत्र हलले म्हणून एकाने दुसऱ्याला हलवलं असं होत नाही. म्हणून सरावाचा फायदा पाहायचा असेल तर सरावाच्या आधी आणि काही आठवड्यांनंतर, दोन्ही वेळा नेहमीच्या श्वासावर मोजा. आणि श्वासाचा वेग नोंदवल्याशिवाय आकडा सांगूच नका. आईंच्या बाबतीत मला आशा कमी वाटते, पण संथ श्वासाने त्यांना त्रास होणार नाही. बसून करू द्या.

प्राणायामी | ८ जानेवारी, दुपारी ३:१०

म्हणजे वर्गाआधी मोजणं आणि वर्गात मोजणं यांत मी आजवर फरकच केला नव्हता. माझ्या नोंदवह्या पुन्हा काढून बघते.

सिग्नलवाली | ८ जानेवारी, रात्री ९:४५

आता ४.३ कडे येऊ. तरंगिणी, ज्या मुलाने स्पेक्ट्रमचं कोड लिहिलं त्याने अल्फा निर्देशांक काढलाय ना? म्हणजे ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ या वारंवारतांमधली आर-आरची ऊर्जा भागिले दाबाची ऊर्जा, आणि त्याचं वर्गमूळ. समजा आर-आरची ऊर्जा ६४० आणि दाबाची १० आली, तर भागाकार ६४, वर्गमूळ ८. आकडेमोड एवढीच. म्हणूनच ती फसवते. भागाकार कशालाही कशाने करता येतो. दाबाने न हललेले ठोकेही भागाकाराच्या वरच्या संख्येत मोजले जातात, त्यामुळे संबंध कमजोर असला की आकडा उलट जास्त दिसतो.

यासाठी कोहेरन्स बघायचा असतो, म्हणजे त्या वारंवारतेला दोन लहरी किती एकमेकींशी बांधलेल्या आहेत, ० ते १ मध्ये. ०.५ च्या खाली असेल तर अल्फा छापायचाच नाही. तो तपासलाय का?

दुसरं, ठोके ९२ असताना दाब आणि त्याच ठोक्याचं अंतर यांची जोडी चालत नाही. निरोप पोचायला वेळ लागतो आणि ६५० मिलिसेकंदांत तो पुढच्या एक-दोन ठोक्यांवर दिसतो. तुमच्यासारख्या ठोके कमी असणाऱ्या व्यक्तीत शून्य सरक, म्हणजे त्याच ठोक्याची जोडी, चालते. आईच्या नोंदीला १ आणि २ ठोक्यांची सरक देऊन पाहा.

तिसरं, ४ मिलिसेकंदांची अट खाली आणण्याचा मोह टाळा. तुमची पायरीच २ ची आहे. अट २ वर आणली तर तुम्ही आकडा जवळच्या पायरीवर नेण्यातली चूक मोजाल, आईचा बॅरोरिफ्लेक्स नाही.

तरंगिणी | ९ जानेवारी, रात्री ११:५०

मुलं आज रात्री नऊपर्यंत लॅबमध्ये बसली होती.

कोहेरन्स ०.२. म्हणजे ४.३ ला काहीच आधार नव्हता. माझ्या स्वतःच्या नोंदीत तो ०.७ आहे.

एक ठोका सरकवल्यावर आईच्या ९२० ठोक्यांत दोन सीक्वेन्स मिळाले. मुलं आनंदाने ओरडली, “मॅडम, सापडले!” आणि क्षणभर मलाही बरं वाटलं, आईचं काहीतरी शिल्लक आहे म्हणून. पण दोन म्हणजे किती? योगायोगाने किती सापडतात?

सिग्नलवाली | १० जानेवारी, सकाळी ७:३०

हेच विचारायला हवं होतं. दाबाची मालिका तशीच ठेवा, आर-आरची मालिका १०० ठोक्यांनी पुढे सरकवा आणि टोकाचे ठोके पुन्हा सुरुवातीला जोडा. आता दोघींचा कार्यकारण संबंध उरला नाही. तरीही सीक्वेन्स मोजा. वेगवेगळ्या सरकींनी वीस-पंचवीस वेळा करा. जे मिळतील ते निव्वळ योगायोगाचे. तुमच्या नोंदीलाही हेच लावा, म्हणजे मुलांना फरक दिसेल.

तरंगिणी | १० जानेवारी, रात्री १०:१५

माझ्या नोंदीत खरे ४१, सरकवल्यावर ५ ते ९. आईच्या नोंदीत खरे २, सरकवल्यावर ० ते ३.

मुलं शांत झाली. मीही.

आजोबा_सिडको | ११ जानेवारी, सकाळी ६:००

ताई, मी ७४ वर्षांचा. तांत्रिक भाग निम्मा डोक्यावरून गेला, पण धागा पूर्ण वाचला. आईंना डॉक्टरांनी काय सांगितलं ते जरूर लिहा.

प्रश्नचिन्ह | ११ जानेवारी, सकाळी ११:२०

एक शंका. हृदयविकाराच्या झटक्यानंतर संवेदनशीलता ३ च्या खाली असेल तर धोका जास्त, असं वाचलंय. मग आकडा काढताच येत नसेल तर ३ च्या खाली धरायचं का?

शरीरक्रिया | ११ जानेवारी, दुपारी १:००

ते ३ अट्रामी अभ्यासातून आलंय. १९९८, लॅन्सेट, ला रोव्हेरे आणि सहकारी, झटका येऊन गेलेले १,२८४ रुग्ण. पण तिथे संवेदनशीलता फिनाइलएफ्रिन नावाचं औषध शिरेतून देऊन, दाब मुद्दाम चढवून मोजली होती. ती ऑक्सफर्डची पद्धत. स्मिथ, स्लाइट आणि पिकरिंग यांनी १९६९ मध्ये ती अँजिओटेन्सिन वापरून मांडली, पुढे औषध बदललं. तिथे आपण दाब पंधरा-वीस मिमीने चढवतो आणि उत्तर बघतो. सीक्वेन्स पद्धतीत दाब आपणहून दोन-चार मिमी हलतो तेवढ्यावर भागवायचं. दोन्हींचे आकडे एका दिशेने जातात, पण एक दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही. म्हणून औषधाच्या पद्धतीचा ३ हा उंबरठा सीक्वेन्सच्या आकड्याला लावू नका.

त्याच माणसाचा निजलेला आकडा आणि उभा आकडाही वेगळा येतो, उभं राहिल्यावर निम्म्यावरही येऊ शकतो. वयानुसार उतरतो. बीटा ब्लॉकरने (ठोके मंदावणाऱ्या औषधाने) वाढतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी नुसतं ‘बीआरएस ९’ (बॅरोरिफ्लेक्सची संवेदनशीलता ९) असं लिहू देत नाही. कोणती पद्धत, किती सरक, निजून की उभं, श्वास किती, औषध कोणतं, हे शेजारी हवंच.

सिग्नलवाली | ११ जानेवारी, दुपारी २:२०

शरीरक्रिया यांच्या यादीत माझी एक भर. हे वर्तुळ आहे, एकेरी रस्ता नाही. दाब ठोक्याला बदलतो तसा ठोकाही दाबाला बदलतो. अंतर लांबलं की हृदय जास्त भरतं आणि पुढचा दाब हलतो. सीक्वेन्स पद्धत फक्त दिशा जुळली का ते बघते, सुरुवात कुणी केली हे विचारत नाही. म्हणून उलटे सीक्वेन्सही मोजा, दाब चढतोय आणि अंतर कमी होतंय असे. तरंगिणी, आईच्या नोंदीत ते किती आहेत?

तरंगिणी | २९ जानेवारी, रात्री ९:३०

उशिराबद्दल माफ करा, मधले दिवस दवाखान्यात आणि घरात गेले.

सिग्नलवाली, उलटे ३ होते. म्हणजे सरळ २, उलटे ३, योगायोगाचे ० ते ३. सगळं एकाच ओळीत.

आजोबा, आईचं सांगते. डॉक्टरांनी युइंगच्या तपासण्या करून घेतल्या. दीर्घ श्वासाला ठोक्यांत जेमतेम ३ चा फरक पडला, उभं राहिल्यावरचं गुणोत्तर १.०० आलं. हृदयाच्या नसांवर मधुमेहाचा परिणाम झालाय असं त्यांनी सांगितलं. दाबाच्या एका गोळीची वेळ आणि मात्रा बदलली, पलंगाची उशाकडची बाजू उंच करायला सांगितली. आता ती उठताना आधी पलंगाच्या कडेला बसते, पाय हलवते, मनातल्या मनात रामरक्षेचे दोन श्लोक म्हणते आणि मग उभी राहते. देवघरात पाटाऐवजी लाकडी स्टूल आलं. पाट काढला त्याचं तिला दोन दिवस वाईट वाटलं, कारण तो माझ्या आजीचा होता. तो स्टुलासमोर पाय ठेवायला घेतलाय.

काल पुन्हा लॅबमध्ये नेलं, आधी गरम पाण्याची पिशवी हातात दिली. तेच आलं. ६५८, ६५८, ६६०, ६५८.

प्रकल्पाच्या तक्त्यात तिच्या ओळीपुढे आम्ही आकडा लिहिला नाही. लिहिलंय ते असं : सीक्वेन्स २, योगायोगाचे ० ते ३, कोहेरन्स ०.२, अंदाज देता येत नाही, उभं राहिल्यावर २८ ची घट. ज्या मुलाच्या कोडने तिला यादीतून काढलं होतं त्यानेच हा रकाना तयार केला, आणि आता त्याचं कोड कुठलीही फाइल वगळण्याआधी थांबून विचारतं.

द्राक्षबाग | ३० जानेवारी, सकाळी ६:१०

वडिलांचा दाब ६ ने उतरला, ठोके १४ ने वाढले. डॉक्टर म्हणाले नसा ठीक दिसतात, पाणी कमी पडतंय. आता बागेत जाताना दोन लिटरचा कॅन सोबत देतो आणि संध्याकाळी किती उरलं ते बघतो.